एकट्याची गाडी

गाडी दारात आली तेव्हा बेरिल एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, आत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "आणि बाकीची गाडी कुठं राहिली?"

मला विचारलं, नवऱ्याला नाही. नवरा, नेव्हिल ग्रमिट, तिच्यापासून हातभर अंतरावर किल्ली घेऊन उभा होता. पण बेरिलची ती जुनी सवय होती. नवरा समोर असला तरी ती त्याच्याबद्दल तिसऱ्याशीच बोलायची. पाहुण्यांना चहा देताना म्हणायची, "याला विचारू नका, याला चवच नाही." नाताळात सगळे पत्ते खेळायला बसले की म्हणायची, "याला वाटू नका, नुसते धरून बसतो." नेव्हिल हसायचा आणि म्हणायचा, "चालतंय." आमच्या गल्लीत कुणीही त्याला दुसरं काही म्हणताना फारसं ऐकलं नव्हतं.

मेबलथॉर्प ते स्केग्नेस हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा, समुद्रकाठचा बसचा रस्ता. नेव्हिलने उभं आयुष्य त्या रस्त्यावर बस चालवली. उन्हाळ्यात नॉटिंगहॅम, लेस्टरकडचे लोक कॅरव्हॅनमध्ये राहायला यायचे. वाळूने भरलेली पोरं, बादल्या, फावडी, वितळलेलं आइस्क्रीम, सगळं त्याच्या बसमध्ये चढायचं. हिवाळ्यात चार म्हाताऱ्या आणि वारा. बुटका, लाल गालांचा माणूस. त्याच्याकडे पाहिलं की लोकांना त्याची थट्टा करावीशी वाटायची. का, ते मला कधी कळलं नाही. डेपोत तर केन ओडलिंग नावाच्या ड्रायव्हरने जणू त्याचं कंत्राटच घेतलं होतं. नेव्हिलच्या कोटाच्या बाह्या आतून शिवून टाकायच्या. त्याच्या बसच्या हीटरवर मासा ठेवायचा, म्हणजे दुपारपर्यंत प्रवासी नाक धरून उतरायला लागतील. नेव्हिल तो मासा शोधायचा, वर धरून सगळ्यांना दाखवायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा.

मी शेजारी राहतो. पाणथळ जमिनीतले चर आणि कालवे साफ ठेवणाऱ्या खात्यात माझी नोकरी झाली. नेव्हिलशी माझी मैत्री कुंपणावरची. तो निवृत्त झाला त्या वसंतात एका सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "रेग, मला लाउथपर्यंत सोडशील का? गाडी बघायचीय."

"तुला? गाडी?"

"इतकी वर्षं काचेच्या पेटीत बसून काढली. उन्हाळ्यात उघड्या गाड्या शेजारून जायच्या. बायकांचे केस उडतायत, माणसं गातायत. आणि माझ्या कानात घंटी. आता मला अशा गाडीत बसायचंय जिला घंटीही नाही आणि थांबाही नाही."

खऱ्या जुन्या गाड्या आमच्यासारख्यांच्या आवाक्यातल्या नसतात. पण आमच्याकडे एक वेगळीच जमात आहे. हे लोक जुन्या घाटाच्या गाडीचं फायबरचं अंग, चासी आणि नट-बोल्ट पेट्यांतून मागवतात, भंगारातल्या एखाद्या साध्या गाडीचं इंजिन काढून त्यात बसवतात आणि वर्षानुवर्षं गॅरेजात खपून ती घरीच जोडतात. किट कार म्हणतात तिला. नेव्हिलने अशीच एक वापरलेली किट कार मासिकातल्या जाहिरातीत पाहिली होती.

विकणारा आर्थर लीक हा शाळेत सुतारकाम शिकवणारा निवृत्त मास्तर होता. उंच, हाडकुळा, तिरसट. त्याने गॅरेजचं दार उघडलं आणि नेव्हिल उंबऱ्यातच थांबला. लांबलचक बॉनेट, दोन्ही बाजूंना झोकदार मडगार्ड, पाय ठेवायला फूटबोर्ड, समोर थाळ्यांएवढे दिवे, मागे उघड्यावर अडकवलेली स्टेपनी. अंग साईच्या रंगाचं, मडगार्ड गडद तांबडे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जमीनदार फिरवायचे, तशी. फक्त बोटाने टिचकी मारली की पत्र्याचा टणत्कार नाही, टपरवेअरचा आवाज.

"खालून बघायचं तर बघ," मास्तर म्हणाला. "चासीला गंज नाही. कापडी टप गळतो. बाजूच्या पडद्यांतून वारा येतो. वायरिंग बिघडली तर देवाचं नाव घे, कारण सगळ्या वायरी हिरव्या आहेत."

"सगळ्या?"

"माझ्याकडे हिरव्या वायरीचं भेंडोळं होतं. दुसरा रंग कशाला विकत आणू?"

नेव्हिल हसला. मग त्याने विचारलं, "विकताय कशासाठी?"

"डोळे गेले. बारा वर्षं लागली जोडायला. नवव्या वर्षी बायको गेली. तिने ही सुरू झालेली ऐकलीच नाही." हे त्याने इतक्या कोरडेपणाने सांगितलं की पाऊस येईल असं म्हणाला असता तरी तेवढंच वाटलं असतं. मग म्हणाला, "बस आत. पाय पोचतात का बघू तुझे."

नेव्हिलचे पाय पोचले नाहीत. मास्तरने आतून एक उशी आणली आणि त्याच्या पाठीमागे कोंबली. चोक ओढला, इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. नेव्हिलने भाव केला नाही. मी कोपराने ढोसलं तरी नाही. येताना तो पुढे आणि मी मागे. टेकड्यांमधून तो रस्ता वळणं घेत उतरतो. दर वळणावर तो हात बाहेर काढून वाऱ्यात उभा धरायचा, लहान पोरांसारखा.

तर असा तो दारात पोचला आणि बेरिलने विचारलं, बाकीची कुठं राहिली.

"तुझ्यासाठी स्कार्फ आणलाय," नेव्हिल तिला म्हणाला. "डोक्याला बांधायला. चल, समुद्रापर्यंत एक फेरी मारू."

बेरिल मला म्हणाली, "रेग, याला सांग, बाथटबात बसून गावभर मिरवायचं माझं वय गेलं."

नेव्हिल म्हणाला, "चालतंय."

बेरिल वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. समुद्रावरच्या बिंगो हॉलमध्ये ती माइकवर आकडे पुकारायची, आणि प्रत्येक आकड्याला एक टोमणा जोडायची. लोक तो ऐकायलाच यायचे. घरी आल्यावर तिला थांबता येत नसे, एवढंच. हसणारा माणूस समोर दिसला की तिची जीभ सुरू. आणि नेव्हिल तर सदाच हसत असायचा.

गाडीने मात्र त्याला खरंच सुख दिलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. ऊन पडलं की तो निघालाच. कधी टेकड्यांतून हॉर्नकॅसल, कधी समुद्राच्या कडेने दक्षिणेला. मोहरीची शेतं पिवळीधमक झाली की त्यांच्यामधून मुद्दाम हळू जायचा. अंगाला वास लागतो म्हणायचा. परतताना मासा आणि चिप्सचा पुडा घेऊन समुद्राच्या भिंतीपाशी गाडी उभी करायचा आणि स्टीअरिंगवर कागद पसरून खायचा. लोक भोवती जमायचे. कुणीतरी विचारायचंच, "कोणत्या सालची हो?"

"दिसते छत्तीसची," तो उत्साहाने सांगायचा. "जोडलीय शहाऐंशी साली. आणि इंजिन एका साध्या सलूनचं, तुमच्या वडिलांकडे असेल बघा तसली."

लोकांचा चेहरा पडायचा. काही जण तर फसवलं गेल्यासारखे निघून जायचे. मी त्याला म्हटलं, "अरे, सांगायला हवंच का? छत्तीसची म्हण आणि गप्प बस."

"पण मजा तीच आहे रेग. आपल्यासारखीच आहे ही. वरून काहीही असो, आत बसचा ड्रायव्हर."

डेपोत त्याचं नाव आता 'लॉर्डसाहेब' पडलं. केन ओडलिंग बस थांबवून खिडकीतून वाकायचा आणि टोपी काढायचा. "लॉर्डसाहेब, गरिबाला वाट द्या! अरे, ती नकली आहे ना रे?"

"नकलीच," नेव्हिल ओरडून सांगायचा आणि हात हलवायचा.

शेजारची सीट रिकामीच राहिली. तिच्यावर तो निळा स्कार्फ घडी करून ठेवलेला असायचा. माझी बायको ऑड्री एकदा बसून आली आणि आठवडाभर त्याबद्दल बोलत होती. नेव्हिल बेरिलला दर शनिवारी विचारायचा आणि ती दर शनिवारी नवीन काहीतरी शोधून काढायची. एकदा म्हणाली, "शवपेटीला चाकं लावली तरी अधिक आरामात जाईन."

दुसऱ्या उन्हाळ्यात नेव्हिलला एक फोन आला. बाईचा आवाज, मोठ्या घरचा वाटावा असा. तुमची गाडी समुद्रावर पाहिली, माझ्या मुलीने तर हट्टच धरलाय, तिला लग्नाला याच गाडीतून चर्चला जायचंय. गाव स्केल्डर्बी. शनिवारी दुपारी. चर्चच्या अलीकडे आमचं शेत आहे, तिथून नवरीला घ्यायचं. भाड्याचं बोलायला लागली तर नेव्हिलने तिला बोलूच दिलं नाही. तो मान, तो आनंद, तेवढंच पुरे म्हणाला.

आठवडाभर तो दुसरं काही बोलला नाही. क्रोमचे तुकडे जुन्या बनियनने घासले. करड्या रंगाचा सूट घेतला. बॉनेटवर लावायला पांढरी रेशमी फीत आणली आणि ती कशी बांधायची ते ऑड्रीकडून शिकून घेतलं. नवरीचा झगा आत येताना फूटबोर्डला अडकू नये म्हणून त्याने फूटबोर्डवर जुनी सतरंजी कापून बसवली. दार उघडायला आणि झगा उचलून धरायला माणूस हवा म्हणून मला गळ घातली. मीही कपाटातला सूट बाहेर काढला.

नवल वाटलं ते बेरिलचं. "जा की," ती म्हणाली. "एवढं बोलावतायत तर जायला नको?" शुक्रवारी संध्याकाळी तिने स्वतः त्याचा शर्ट इस्त्री केला. मी कुंपणावरून पाहिलं. नेव्हिल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला इस्त्री करताना बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की मी नजर काढून घेतली.

शनिवारी आभाळ आलं होतं, पण पाऊस नव्हता. टप उघडा ठेवला. रस्त्यातल्या खेड्यांत पोरं फीत बघून ओरडायची. एका म्हातारीने फाटकातून चुंबन उडवलं. नेव्हिल ताठ बसला होता, दोन्ही हात स्टीअरिंगवर, बसमध्ये बसायचा तसा.

शेत सापडलं. तिथे डुकरांचं एक लांबट छप्पर होतं आणि बंद पडलेला ट्रॅक्टर. घराला कुलूप नव्हतं, कारण घरच नव्हतं.

"आपल्याला उशीर झाला," नेव्हिल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "दुसऱ्या गाडीतून गेली असणार. आई गं, नवरीला ताटकळत ठेवलं आपण." मी म्हटलं, नेव्हिल, थांब, मला काही हे बरोबर दिसत नाही. पण त्याने गाडी वळवलीसुद्धा.

चर्चपुढे गाड्या होत्या आणि माणसंही होती. नेव्हिल सुटकेने हसला. मग आम्ही जवळ गेलो आणि कपडे दिसले. सगळे काळे. दारातून चार माणसं पेटी खांद्यावर घेऊन बाहेर येत होती. आणि आम्ही पांढरी फीत फडफडवत, भोंगा वाजवत थेट फाटकापर्यंत. भोंगा त्याने वळणावरच वाजवला होता, नवरीला कळावं म्हणून.

पेटीमागे एक म्हातारी होती, मुलाच्या हाताला धरलेली. तिने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी बोलावलं?" मोठ्याने नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मुलगा पुढे आला. "लाज वाटते का? काढ हे इथून!"

"माफ करा," नेव्हिल म्हणाला. "लग्न होतं ना, मला सांगितलं..." गाडी मागे घ्यायला गेला तर गीअर खरखरला, आणि इंजिन बंद पडलं. चोक ओढून तो किल्ली फिरवत राहिला. सगळी प्रेतयात्रा थांबून बघत होती.

तेवढ्यात समोरच्या पबचं दार उघडलं. केन ओडलिंग आणि डेपोतली पाच-सहा माणसं हातात ग्लास घेऊन बाहेर आली. अंत्यविधीचं त्यांनाही माहीत नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पण एव्हाना ते इतके प्यालेले होते की त्यांना थांबता येईना. केनने खिशातून कागदी पाकळ्या काढून नेव्हिलच्या डोक्यावर उधळल्या. "नवरा आला रे! लॉर्डसाहेब, नवरी कुठंय?" हसून हसून एक जण भिंतीला टेकून खाली बसला.

आणि नेव्हिल हसला. खरंच हसला. केसांत गुलाबी-पांढरे तुकडे आणि तोंडावर तेच मासा सापडल्यावरचं हसू. "बरं जमवलंत," तो म्हणाला. "चालतंय. चालतंय रे."

मी केनची कॉलर धरली. केन म्हणाला, "माझ्यावर काय चिडतोस? फोन बिंगोतल्या शीलाने केला. आणि शीलाला काय बोलायचं ते शिकवलं बेरिलने. शर्टाला इस्त्री केली ना काल? ती म्हणाली होती, मी इस्त्रीच करते, म्हणजे या ठोंब्याला शंकासुद्धा यायची नाही."

नेव्हिलचं हसू तसंच राहिलं. फक्त ते आता कुणाकडे बघून नव्हतं. इंजिन लागलं. परतीच्या रस्त्यावर वाऱ्याने पाकळ्या एकेक करून उडून गेल्या.

घरी बेरिल चहा घेऊन तयार होती. शीलाही होती. "काय, कशी होती नवरी?" बेरिलने विचारलं. या खेपेला थेट त्यालाच विचारलं.

"छान होती," नेव्हिल म्हणाला.

दोघी टेबलावर डोकं टेकून हसल्या. बेरिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी प्रेतयात्रेचं सांगितलं तेव्हा शीलाने तोंडावर हात ठेवला, पण बेरिलला आधीची उबळच आवरेना. नेव्हिल बाहेर गेला. फीत सोडली, गुंडाळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पान्याचा आवाज आला. गॅरेजात नेव्हिल गुडघ्यांवर बसून गाडीतली डावी सीट काढत होता. चार बोल्ट निघाले, सीट उचलून त्याने भिंतीशी उभी केली. त्या जागी एक फळी बसवली आणि तिच्यावर चहाचा थर्मास आणि जेवणाची टोपली पट्ट्याने बांधली. स्कार्फने काच पुसली.

"हे काय?" मी विचारलं.

"जागा लागते," तो म्हणाला.

तेव्हापासून तो सकाळी जायचा आणि अंधार पडायच्या आत यायचा. पाऊस असला तरी जायचा, टप गळत असला तरी. आनंदात असायचा. हे मला सगळ्यांत कठीण गेलं. मला वाटलं होतं गाडी विकेल, निदान कोमेजेल. तसं काही झालं नाही. रंग उजळला, थोडा बारीक झाला, कुठे कोणती फुलं आली ते मला कुंपणावरून सांगायचा. किट कारवाल्यांच्या क्लबातही जायला लागला. फक्त घरात त्याने बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. बेरिलने विचारलं तर हो किंवा नाही. तिने टोमणा मारला तर तो हसायचा नाही. शांतपणे तिच्याकडे बघायचा, बसमध्ये सुट्टे नसलेल्या माणसाकडे बघावं तसा, आणि निघून जायचा.

हसणारा समोर नाही म्हटल्यावर बेरिलची जीभ बोथट झाली. काही महिन्यांनी ती त्याला नावाने हाक मारायला लागली. ऑड्री म्हणाली, लग्नानंतर तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलेलं ऐकलं मी. ऊन पडलेल्या एका दिवशी ती कोट घालून फाटकात उभी राहिली. "नेव्हिल, मीही येते आज."

"सीट नाही," तो म्हणाला.

"बसव की मग."

"बोल्ट हरवले."

बोल्ट गॅरेजच्या खिडकीत, जॅमच्या बाटलीत होते. तिला दिसत होते, मलाही दिसत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी बेरिलला कॅन्सर निघाला. उपचारांसाठी लिंकनला, हॉस्पिटलात जावं लागे. त्यांच्याकडे दुसरी गाडी कधीच नव्हती. ड्रायव्हरच्या कुटुंबाला बसचा पास फुकट, म्हणून गरज पडली नव्हती. मी तिला नेत असे. पण दर वेळी ती आधी त्याला विचारायची. मी गाडी काढून उभा आणि ती दारात कोटाची बटणं लावत त्याला विचारतेय.

"नेव्हिल, आज तू नेशील का?"

"बस आहे."

"दोन तासांनी एक असते. बदलावी पण लागते."

"मला माहीतय. मीच चालवायचो."

एकदा माझी पाठ धरली होती आणि मी उठू शकत नव्हतो. बेरिल बसने गेली. नोव्हेंबरातला वारा, समुद्राकडून येणारा. थांब्यावर ती डोक्याला रुमाल बांधून उभी होती, केस गेले होते. ऑड्री दुकानातून येत होती, तिने डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. नेव्हिलची गाडी आली. तो थांब्यापाशी हळू झाला. बेरिल एक पाऊल पुढे आली. त्याने तिला हात केला, आमचे किट कारवाले रस्त्यात भेटले की एकमेकांना करतात तसा, आणि पुढे गेला.

मी बरा झाल्याबरोबर त्याला गॅरेजात गाठलं. "तुझ्यात माणूस उरलाय का?" मी म्हणालो. "मरते आहे ती."

तो कार्ब्युरेटर साफ करत होता. "तुला काय वाटतं, मला राग आलाय?"

"नाही तर काय?"

"राग नाही रेग. आधी होता का, तेही आठवत नाही. मी तिच्याकडे बघतो आणि मला काही होतच नाही. तू म्हणशील तर सीट बसवतो. पण मग मला या गाडीत बसावंसं वाटणार नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही."

मी सांगितलं, बसव. तो म्हणाला, "बघतो," आणि बसवली नाही.

लिंकनच्या रस्त्यावर बेरिल मला म्हणाली, "मी त्याची माफी मागितली. दोनदा. गुडघे टेकता येत नाहीत, नाहीतर तेही केलं असतं."

"काय म्हणाला?"

"चालतंय म्हणाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "तो हसायचा ना, मला वाटायचं याला लागतच नाही. किती जोरात मारलं तर लागतं, ते बघत होते मी. इतकी वर्षं. आणि लागलं तेव्हा मी शीलाबरोबर हसत बसले." मग थोड्या वेळाने जुन्या आवाजात म्हणाली, "तरी नवरी कशी होती विचारलं तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होतास." आणि हसायला गेली आणि खोकला लागला. मला तिचीही दया आली नाही त्या क्षणी. गाडी चालवत राहिलो.

ती मे महिन्यात गेली. दुपारी हॉस्पिटलातून आमच्याकडे फोन आला, कारण नेव्हिल घरी नव्हता. ऑड्री तिच्याजवळ होती. शेवटी तिने कुणाचं नाव घेतलं का, हे मी ऑड्रीला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. संध्याकाळी मी फाटकात उभा राहिलो. दूरवरून इंजिन ऐकू आलं. नेव्हिल उतरला, गॉगल कपाळावर सरकवला. मी सांगितलं.

"कधी?"

"दुपारी."

 "मी हॉर्नकॅसलच्या वर होतो तेव्हा," तो म्हणाला. "फार सुंदर ऊन होतं." आणि गाडी आत लावायला गेला.

अंत्यविधी त्याने नीट केला, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. करडा सूट घातला होता, तोच. केन ओडलिंग आला होता. केन पुढे स्पेनला जाऊन राहिला, मजेत आहे, दर नाताळात आम्हाला कार्ड पाठवतो. त्याने नेव्हिलचा हात हातात घेतला आणि रडला. नेव्हिलने त्याच्या पाठीवर थोपटलं.

त्या रविवारी ऑड्रीने नेव्हिलला जेवायला बोलावलं. भाजलेलं मटण होतं. तो चवीने जेवला, दुसऱ्यांदा बटाटे घेतले. पुढच्या महिन्यात क्लबाची माणसं गाड्या घेऊन वेल्सला जाणार होती, त्याबद्दल बोलत होता. रस्ता कुठून, मुक्काम कुठे. ऑड्री बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने काटा खाली ठेवला.

"नेव्हिल, तुला काहीच वाटत नाही का रे?"

त्याने खरंच विचार केला. टाळलं नाही. "वाटतं ना," तो म्हणाला. "सकाळी उठलो की वाटतं, आज कुठे जायचं. पूर्वी असं कधी वाटायचं नाही मला."

ऑड्री उठली आणि त्याच्या पुढची ताटली उचलून घेऊन गेली. ताटलीत अजून अर्धा बटाटा होता. नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ताटलीकडे बघत राहिलो. तो खुर्ची नीट सरकवून उठला, आभार मानले, दार हळू लावलं.

तो वेल्सला जाऊन आला. नंतर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जातोय. सत्तरी कधीच उलटली, पण अजून तो गाडीखाली झोपून कामं करतो. आणि त्याच्याइतका सुखी माणूस या गल्लीत दुसरा नाही, हे मला मान्य करावं लागतं. कुंपणावर आम्ही हवेबद्दल बोलतो. ऑड्री बोलत नाही. सकाळी पलीकडे इंजिन खोकायला लागलं की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते आणि नळ मोठा सोडते.